पहारेकऱ्याची उलटतपासणी

विजेवर चालणारी सायकल दुरुस्तीला येते तेव्हा तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. सपाटीला नीट चालते, चढ आला की मान टाकते. डिस्प्लेवर चारपैकी तीन दांड्या दिसत असतात, थ्रॉटल पिळला की अख्खा डिस्प्लेच काळा होतो. दोन मिनिटं थांबून बटण दाबलं की पुन्हा सुरू, पुढच्या उड्डाणपुलावर पुन्हा बंद. मालक मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून आलेला असतो, त्यामुळे रोगाचं नावही तोच सांगतो: ‘बीएमएस गेलाय.’ आणि लगेच औषधही: ‘काढून टाका, डायरेक्ट करून द्या.’

‘डायरेक्ट’ म्हणजे बीएमएस, बॅटरीच्या आतला संरक्षक बोर्ड, वगळून सेलच्या तारा थेट मोटारीच्या कंट्रोलरला जोडणं. काम अर्ध्या तासाचं, मजुरी किरकोळ, आणि गाडी खरोखरच चालू लागते. चढावर बंद पडत नाही. गिऱ्हाईक खूश, मेकॅनिकचं नाव चांगलं. पण या व्यवहारात एक प्रश्न कोणीच विचारलेला नसतो. बोर्डाने वीज तोडली ती का तोडली? तो बिघडला होता म्हणून, की त्याला काहीतरी दिसलं म्हणून?

पेटीत काय असतं

सायकलच्या नळीवर बसवलेली किंवा मागच्या कॅरिअरखाली सरकवलेली ती पेटी आतून अगदी साधी असते. ३६ व्होल्टचा नेहमीचा पॅक घेऊ. त्यात ‘१८६५०’ या मापाचे सेल असतात, म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. चार सेल समांतर जोडून एक गट, आणि असे दहा गट एकापुढे एक. एकूण चाळीस सेल, निकलच्या पातळ पट्ट्यांनी स्पॉट वेल्डिंग करून जोडलेले. एका सेलचा व्होल्टेज सरासरी ३.६, पूर्ण भरला की ४.२. दहा गटांचे मिळून ४२. म्हणून ३६ व्होल्टच्या पॅकचा चार्जर ४२ व्होल्टचा असतो. प्रत्येक सेल अडीच अँपिअर-अवरचा धरला तर पॅक दहा अँपिअर-अवरचा, म्हणजे ३६० वॅट-अवर ऊर्जेचा.

शिसे-आम्लाच्या बॅटरीला असा बोर्ड लागत नाही. ती जास्त चार्ज झाली तर पाणी उकळतं, वास येतो, प्लेटा खराब होतात. फार तर बॅटरी टाकावी लागते. आपल्याकडे संथ गतीच्या सुरुवातीच्या बऱ्याच ई-स्कूटर शिसे-आम्लावरच चालत. इन्व्हर्टर आणि रिक्षांच्या बॅटऱ्यांवर हात बसलेले कारागीरच पुढे लिथियमकडे वळले, आणि मधे दिसणारा हिरवा बोर्ड त्यांना फाजील वाटला, तो यामुळे. ‘इतकी वर्षं बोर्डाशिवाय चाललंच की’, हा त्यांचा अनुभव खोटा नव्हे. तो दुसऱ्या रसायनाचा आहे.

लिथियम-आयन सेल १९९१ साली सोनीने बाजारात आणला आणि २०१९ साली गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना त्यामागच्या संशोधनासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कमी वजनात एवढी ऊर्जा मावणं हा त्याचा गुण. मर्यादा ओलांडलेली खपवून न घेणं हा स्वभाव. ४.२ व्होल्टच्या बरंच वर गेला तर ग्रॅफाइटवर धातुरूप लिथियम साचू लागतं, दुसऱ्या ध्रुवातून प्राणवायू सुटतो आणि आतला द्राव ज्वलनशील असतो. फार खाली, दोन व्होल्टच्याही आत उतरून तसाच पडून राहिला, तर ग्रॅफाइटखालचा तांब्याचा पत्रा विरघळतो. पुन्हा चार्ज करताना तेच तांबं नको त्या जागी जमतं आणि सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणून प्रत्येक गटावर स्वतंत्र नजर लागते. दहा गटांमधून बारीक तारा निघून बोर्डाच्या पांढऱ्या कनेक्टरात जातात. एखादाही गट साधारण ४.२५ च्या वर गेला की बोर्ड चार्जिंग तोडतो, आणि पावणेतीनच्या आसपास उतरला की मोटारीकडे जाणारी वीज तोडतो. प्रवाह प्रमाणाबाहेर गेला, शॉर्ट झाला, तापमान वाढलं, तरी तेच. शिवाय चार्जिंगच्या शेवटी पुढे गेलेल्या गटांतली थोडी वीज रेझिस्टरमधून जाळून सगळ्यांना एका पातळीवर आणतो. याला बॅलन्सिंग म्हणतात. हा पहारेकरी एकूण ४२ कडे पाहत नाही, दहांतल्या सर्वांत कच्च्या गटाकडे पाहतो.

बाकावरचा पॅक

आता एक पॅक जवळून पाहू. पुण्यातल्या एका छोट्या वर्कशॉपच्या बाकावर तो उघडून ठेवला आहे. मालक घरपोच जेवण पोचवणारा लातूरकडचा तरुण. पूर्वी एका चार्जिंगमध्ये पस्तीस-चाळीस किलोमीटर निघायचे, आता सहा-सात. आणि हे सगळं आठवड्याभरात घडलं. चार्जर लवकर हिरवा होतो.

‘दादा, डायरेक्ट करून द्या ना. संध्याकाळची शिफ्ट जाते माझी.’

‘डायरेक्ट पाहिजे असेल तर बाहेर बरीच दुकानं आहेत. इथं आधी मोजायचं.’

पेटी उघडण्याआधी बाहेरूनच दोन मोजमापं होतात. चार्जर एकटा मोजला: ४२.० व्होल्ट, म्हणजे तो निर्दोष. पॅकच्या तोंडाशी मोजलं: ४१.१. फरक नऊ दशांशांचा. एवढ्यावर कोणीही ‘बॅटरी भरलेली आहे’ असंच म्हणेल. बेरीज फसवते ती अशी.

मग पेटी उघडायची. त्याआधी अंगठी आणि कडं काढून ठेवलं जातं, कारण उघड्या निकल पट्ट्यांवर धातू टेकला तर त्यातून शेकडो अँपिअर वाहू शकतात. हीट-श्रिंकचं निळं आवरण चिरलं, पिवळसर कॅप्टॉन टेप बाजूला केला, पांढरा कनेक्टर दिसला. मल्टिमीटरची काळी पिन काळ्या तारेवर, लाल पिन शेजारच्या. मग दोन्ही एकेक घर पुढे. पहिला गट ४.१८. दुसरा ४.१७. तिसरा ४.१८. सातपर्यंत हेच. आठवा ३.४८. नववा, दहावा पुन्हा ४.१८.

सगळी लक्षणं या एका आकड्यात आहेत. चार्जिंगला लावलं की नऊ गट आधीच काठोकाठ, ते ४.२५ ला पोचतात, बोर्ड चार्जिंग थांबवतो, चार्जरचा दिवा हिरवा. आठव्याच्या पोटात काहीच गेलेलं नसतं. रस्त्यावर निघालं की आठवा पहिल्या चढालाच २.८ वर कोसळतो. तेव्हा बाकीचे नऊ अजून चारच्या वर असतात, त्यामुळे एकूण ३९ भरतात. डिस्प्ले बिचारा एकूण पाहून तीन दांड्या दाखवतो, बोर्ड आठवा गट पाहून वीज तोडतो. दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात.

खात्रीसाठी भार टाकून पाहिला. मोटारसायकलच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट, ५५ वॅटचे तीन हॅलोजन बल्ब एकापुढे एक जोडले. साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह. नऊ गट जरासे हलले. आठवा डोळ्यांदेखत उतरत गेला. आता इथे बोर्ड वगळून गाडी ‘डायरेक्ट’ केली असती तर काय झालं असतं? नऊ भरलेल्या गटांनी रिकाम्या आठव्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलला असता. तो शून्यापर्यंत आणि त्याहीखाली, उलट्या ध्रुवतेत गेला असता. गाडी मात्र चालली असती.

दोन संशयित

आठवा गट रिकामा का, हा खरा तपास. संशयित दोन. एक, गटातला एखादा सेल आतून खराब झाला आहे आणि स्वतःसकट शेजारच्या तिघांना रिकामं करतो आहे. दोन, बोर्डच त्या गटाची वीज पितो आहे. बॅलन्सिंगच्या रेझिस्टरला चालू-बंद करणारा चिमुकला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर तो रेझिस्टर रात्रंदिवस चालू राहतो.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. रेझिस्टरवर ‘१०१’ लिहिलं असेल तर तो १०० ओहमचा. ४.२ व्होल्टला त्यातून ४२ मिलिअँपिअर वाहतात. ऐकायला नगण्य, पण चोवीस तासांत ते सुमारे एक अँपिअर-अवर होतात. दहा अँपिअर-अवरचा गट दहा दिवसांत सफाचट. सेल म्हातारा होतो तेव्हा पल्ला सहसा महिनोन्‌महिने हळूहळू घटतो. आठवड्याभरात चाळीसवरून सातवर आला म्हटल्यावर संशय आधी बोर्डावर जातो.

पण संशयावर बोर्ड बदलायचा नसतो. पद्धत अशी: नियंत्रित वीजपुरवठ्याच्या यंत्रावर ४.१५ व्होल्ट आणि दोन अँपिअरची मर्यादा लावून फक्त आठवा गट चार्ज करायचा. हा गट दोन व्होल्टच्या खाली गेलेला असता तर हे करायचंच नव्हतं. तो गट बादच. इथे ३.४८ होता, म्हणून चालतं. काही तासांनी प्रवाह शून्याजवळ आला की पांढरा कनेक्टर बोर्डातून उपसून ठेवायचा आणि पॅक काही दिवस फळीवर, लाकूड-कागदापासून लांब, नुसता ठेवून द्यायचा. बोर्ड वेगळा झाल्यावरही गट उतरला तर दोष सेलचा. जागच्या जागी राहिला तर दोष बोर्डाचा.

आठवा गट ४.१४ वर ठाम राहिला. कनेक्टर परत जोडला, आणि दुसऱ्या दिवशी ४.०५. निकाल लागला. शेवटची साक्ष बोटाने: बोर्डावरच्या रेझिस्टरांच्या रांगेवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवला. सगळे ओले, आठव्यावरचा थेंब आधी उडाला. बोट लावलं तर तो एकटाच कोमट.

म्हणजे बोर्ड दोषी ठरला, पण मालक म्हणत होता त्या गुन्ह्यासाठी नव्हे. चढावर वीज तोडणं हे त्याचं काम होतं आणि ते त्याने चोख केलं. त्याचा पहारा शाबूत होता. बॅलन्सिंग बिघडलं होतं. हा फरक मल्टिमीटरशिवाय कळत नाही.

तक्रार न करणारा बोर्ड

बोर्डाचे आणखीही आजार आहेत, आणि बरेचसे आपल्या हवेचे आणि रस्त्यांचे. पावसाळ्यात पेटीच्या फटीतून ओल शिरते, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. किनारपट्टीला खाऱ्या हवेत तो लवकर चढतो. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी बारीक तार डाखाशी तुटते. बोर्डाला तो गट चुकीचा किंवा शून्य दिसतो आणि तो वीज तोडतो. सेलच्या पट्टीवर मोजलं तर ४.१, कनेक्टरच्या पिनवर भलताच आकडा, असं आढळलं की बोर्ड आणि सेल दोघंही सुटले; दोषी तार.

तापमान मोजणारा थर्मिस्टर असतो; २५ अंशांना त्याचा रोध सहसा दहा हजार ओहम, थंडी वाढेल तसा वाढत जाणारा. त्याची तार तुटली की रोध अमर्याद होतो, आणि भर मे महिन्यात पुण्यात बोर्डाची समजूत होते की बाहेर कडाक्याची थंडी आहे. गोठणबिंदूखाली लिथियम सेल चार्ज करायचा नसतो, म्हणून तो चार्जिंग नाकारतो.

काही बोर्ड महिनाभर गाडी पडून राहिली की झोपी जातात. सुट्टीहून परत आल्यावर पॅकच्या तोंडाशी व्होल्टेज शून्य दिसतं आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. मूळ चार्जर थोडा वेळ लावला की असा बोर्ड जागा होतो. न झाल्यास मात्र पेटी उघडून गट मोजल्याशिवाय दुसरा खटाटोप करू नये.

आणखी एक प्रकार मालकांच्याच सवयीचा. लिथियम पूर्ण चार्ज करू नये, ऐंशी टक्क्यांवर थांबावं, हे सेलच्या आयुष्यासाठी बरोबरच आहे. पण साध्या बोर्डांचं बॅलन्सिंग सुरूच होतं ते शेवटच्या टप्प्यात, आणि त्याचा वेग चाळीसेक मिलिअँपिअरचा. दर वेळी आधीच प्लग काढणाऱ्याचे गट हळूहळू विस्कटत जातात. अधूनमधून, घरात जागं माणूस असताना, पूर्ण चार्ज होऊ द्यावं आणि हिरव्या दिव्यानंतरही काही वेळ लावून ठेवावं, एवढ्यानं किरकोळ तफावत मिटते.

हे सगळे आजार आरडाओरडा करणारे. गाडी बंद पडते, मालक दुकानात येतो. खरा भयंकर आजार मुका आहे. वीज तोडण्याचं काम बोर्डावरचे मॉसफेट करतात. ते जळताना बहुधा शॉर्ट होऊन जळतात, म्हणजे कायमचे चालू. अशा बोर्डाला गट धोक्याच्या रेषेपार गेलेला दिसतो, तो तोडण्याचा हुकूमही देतो, पण तोडलं काहीच जात नाही. गाडी झकास पळते. चढावर दम खात नाही. डिस्प्ले शेवटची दांडी जाईपर्यंत चालतो. मालकाला वाटतं, बॅटरी एक नंबर.

हा बोर्ड दुकानात कधी येत नाही, आला तर दुसऱ्याच कामासाठी. पॅक उघडा असेल तर चांगला कारागीर तेवढं तपासून घेतो. कनेक्टर आणि मोठ्या तारा सोडवून मॉसफेटची तिन्ही टोकं मीटरवर आपसात मोजली आणि सगळीकडे शून्य ओहम आला, तर बोर्ड मेला. ‘डायरेक्ट’ केलेला पॅक आणि मॉसफेट शॉर्ट झालेला पॅक यांत काडीचाही फरक नाही. दुसरा प्रकार नशिबाने होतो, पहिला आपण पैसे देऊन करून घेतो.

बोर्ड बदलताना

नव्या बोर्डाची किंमत नव्या पॅकच्या मानाने किरकोळ असते, आणि पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो सहज मिळतो. घोटाळा होतो निवडीत आणि क्रमात. गटांची संख्या तीच हवी, प्रवाहाची क्षमता कंट्रोलरला पुरेशी हवी आणि रसायन जुळायला हवं. लोह-फॉस्फेटचा सेल ३.६५ व्होल्टला भरतो. त्यासाठीचा बोर्ड नेहमीच्या सेलांवर लावला तर पॅक कायम अर्धपोटी राहतो. उलट केलं, तर लोह-फॉस्फेटचा सेल ३.६५ ओलांडून पार ४.२५ पर्यंत गेला तरी बोर्ड गप्प बसतो.

काढताना आधी पांढरा कनेक्टर, मग बी-मायनसची, म्हणजे सेलच्या ऋण टोकाकडून येणारी, जाड तार. बसवताना उलट: आधी बी-मायनस डाखायची, मग कनेक्टर. तो बोर्डात खोचण्याआधी काळ्या तारेपासून प्रत्येक पिन मोजायची: ३.७, ७.४, ११.१, अशी पायरी चढत ३७ पर्यंत गेली पाहिजे. एखादी पायरी चुकली म्हणजे तारा उलटसुलट लागल्या. तशाच खोचल्या तर नवा बोर्ड त्याच क्षणी धूर सोडतो. लातूरच्या त्या तरुणाच्या पॅकला नवा बोर्ड असा बसला. दहाही गट एका पातळीवर आणूनच पेटी बंद झाली, कारण सात दशांश व्होल्टची तफावत नव्या बोर्डालाही आपल्या बळावर लवकर मिटवता आली नसती.

कायद्याची फट

२०२२ हे वर्ष आपल्याकडे बॅटरीच्या आगींचं वर्ष ठरलं. मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी ई-स्कूटर पेटली, एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमध्ये भरलेल्या स्कूटर जळाल्या, सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे दगावला. केंद्राने एआयएस-१५६ हे मानक कडक केलं आणि नवी कलमं १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केली. बोर्डाच्या चाचण्या, सेलच्या उत्पादनाची नोंद, सेल प्रमाणाबाहेर तापू लागल्यावर आवाज आणि दिव्याने इशारा, असं बरंच त्यात आलं.

पण हे मानक मोटार वाहनांसाठी. २५० वॅटच्या आतली, ताशी २५ किलोमीटरच्या आतली आणि बॅटरी वगळून ६० किलोपर्यंतची विजेवरची दुचाकी कायद्याने मोटार वाहनच नव्हे. तिला नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही. गरिबाला परवडणारी, पोरांना चालवता येणारी म्हणून ही सवलत योग्यच. पण तिच्या पेटीतला सेल नोंदणीवाल्या स्कूटरच्या सेलइतकाच तापट असतो, आणि दुरुस्तीच्या बाजारावर तर कोणताच अंकुश नाही.

न्यूयॉर्कने हा धडा महागात घेतला. घरपोच सेवेच्या मुलांच्या ई-बाइक तिथे खोल्याखोल्यांत चार्ज होतात; २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटरीच्या आगींत तिथे अठरा जण गेले. त्याच वर्षी सप्टेंबरपासून शहराने प्रमाणित नसलेल्या ई-बाइक आणि बॅटऱ्यांच्या विक्रीवर बंदी घातली, आणि वापरलेले सेल काढून जुळवलेल्या पॅकवरही.

नुसत्या बंदीने दुरुस्ती थांबत नाही, ती आडोशाला जाते. कंपन्या पॅक गोंदाने बंद करतात, तारांची आकृती देत नाहीत, सुटा बोर्ड विकत नाहीत. केंद्राचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल २४ डिसेंबर २०२२ ला सुरू झालं आणि वाहन क्षेत्र त्याच्या कक्षेत आहे. बॅटरीच्या सुट्या भागांना आणि आकृत्यांना ते खऱ्या अर्थाने लागू झालं, तर मोजून दुरुस्ती करणाऱ्याचं दुकान चालेल. तोवर गिऱ्हाईकापुढे दोनच वाटा उरतात: हजारो रुपयांचा नवा पॅक, नाहीतर शेदोनशेत डायरेक्ट. महिनाअखेरीस कोणती वाट धरली जाणार हे सांगायला नको.

म्हणून ज्यांच्या घरी अशी सायकल आहे त्यांना एवढंच सांगणं. पेटी स्वतः उघडू नका. चार्जर आणि पॅकचं तोंड बाहेरून मोजण्यापर्यंतच आपली हद्द. दुरुस्तीला दिलीत तर प्रत्येक गटाचा व्होल्टेज कागदावर लिहून मागा, दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा. जो कारागीर हे आकडे देतो तो चार पैसे जास्त घेत असला तरी त्याच्याकडेच जा. पॅक फुगला असेल, गोडसर उग्र वास येत असेल, तर तो घराबाहेर काढा. भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी तो परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. रात्री झोपताना, आणि बाहेर पडायच्या एकमेव दाराशी, चार्जिंगला लावू नका. आणि कोणी ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणाला, तर बॅटरी उचला आणि दुसरं दुकान गाठा.